मशीन चालू होतं

चाळिशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणायचे. थोरला म्हणजे तिचा भाऊ. तो नोकरीच्या गावी बायकोमुलांसह राहायचा. मागे उरल्या आई आणि धाकटी. राहायला दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि टोकाला न्हाणीघर. पुढच्या खोलीत खिडकीशी धाकटीचं शिलाई मशीन होतं. ती पडदे शिवायची, दुसरं काही नाही. कोणी कपडे शिवायला घेऊन आलंच तर हात जोडायची आणि म्हणायची, "खिडकी कधी तक्रार करत नाही हो, की काखेत घट्ट होतंय म्हणून."

आई बसस्थानकावर निवेदन करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कोणाचं मूल हरवलंय, सगळं तिच्या तोंडून गावाला कळायचं. निम्म्या गावाने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडला नसता. ती निवृत्त झाली, आवाज काही निवृत्त झाला नाही. गल्लीत तिला मागून भोंगा म्हणायचे. ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. दूध उतू गेलं तरी ती फलाट सांगितल्यासारखं सांगायची. अंगावर पाल पडली, बोट चिमटलं, नुसती उचकी लागली तरी, "मेले गं बाई, धाव!" पूर्वी धाकटी धावायची. मग चालत जायला लागली. पुढेपुढे मशीनवरूनच "आले गं" म्हणायची आणि जायची नाही. आईचं आपोआप बरं व्हायचं.

ज्या दुकानाचे पडदे धाकटी शिवायची, तिथे लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणारा एक माणूस होता. त्याला सगळे मापवाला म्हणत. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बोलणं हळू. कापड आणि मापं घेऊन तो धाकटीकडे यायचा आणि उंबऱ्यात उभं राहून घराघरांतल्या गमती सांगायचा. "काल एका घरी गेलो, तीन खिडक्या आणि तिन्ही समोरच्या भिंतीवर उघडतात. म्हटलं, पडदा कशाला हवा? तर म्हणे, भिंतीला आमचं घर दिसू नये." धाकटी तोंडात टाचण्या धरलेल्या असताना हसायची आणि टाचण्या खाली पडायच्या. तो वाकून गोळा करायचा. हे वर्षभर चाललं. एक दिवस धाकटी दुकानात गेलेली असताना तो घरी येऊन आईशी बोलला. त्यानंतर कापड दुसराच कोणीतरी आणून टाकायला लागला. काही महिन्यांनी कळलं की मापवाल्याने लग्न केलं. धाकटीने कोणाला काही विचारलं नाही. विचारायचं तरी काय? तो आपल्याशी कधी तसं बोललाच नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसं तिने ते सोसलं आणि पडद्यांना चुण्या घालत राहिली.

यालाही तीन-चार वर्षं झाली. मग एका सकाळी ती तयार पडदे द्यायला दुकानात गेली, तेव्हा मालकीणबाई सहज म्हणाल्या, "फिटचा त्रास आता कसा आहे गं तुझा? एकटी येतेस जातेस, जपून."

"कसल्या फिट?"

मालकीणबाई गडबडल्या. "अगं, तो आपला मापवाला म्हणाला होता मागे. तुझ्या आईनेच त्याला सांगितलं म्हणे. लहानपणापासून आहे, लपवून ठेवलंय. मी कुठे बोलले नाही हो कुणाजवळ."

धाकटी घरी आली तेव्हा दुपार होत आली होती. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "मला फिट येते असं तू त्याला सांगितलंस?"

आई भाजी निवडत होती. "कोणाला?"

"तुला माहितीये कोणाला."

आईने देठ तोडला, बाजूला ठेवला. "सांगितलं असेल."

"असेल?"

"सांगितलं. मग? तो तुला घेऊन गेला असता. मी कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं? थोरल्याच्या बायकोच्या? ती मला दोन दिवस पाण्याला तरी विचारेल का?"

"आणि माझं काय?"

"तुझं काय वाईट चाललंय? डोक्यावर छप्पर आहे, हातात काम आहे. गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होतीस त्या टेपवाल्यासाठी, ते दिसत होतं मला."

आईला आपण चुकलो असं वाटत नव्हतं. निदान चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्याच चेहऱ्याने ती पुढचा देठ तोडत होती. धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "जीभ झडली असती तुझी त्या दिवशी, तर बरं झालं असतं."

आईचे हात थांबले. ती भाजीचं ताट उचलून आत गेली, आणि थोड्या वेळाने न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला.

धाकटी मशीनवर बसली. एका मोठ्या सभागृहाचे पडदे होते, गडद निळ्या जाड कापडाचे, खालची दुमड घालायची राहिली होती. डोळ्यांत पाणी असलं तरी शिवण सरळ जात होती, इतकी ती सवय. अर्धी दुमड झाली असेल नसेल, आतून बादली आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी जड पडलं. मग आईचा आवाज.

धाकटीने पायडलवरचा पाय उचलला. मशीन थांबलं. तिने कान दिला.

आवाज पुन्हा आला. त्यात "मेले गं" नव्हतं, "धाव" नव्हतं. शब्दच नव्हते. घशातून ओढून काढल्यासारखा एक लांब आवाज, मधे तुटलेला. असा आवाज आईने कधीच काढला नव्हता, आणि हे धाकटीला त्याच क्षणी कळलं. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मला नाटक वाटलं, नेहमीचं वाटलं. पण मनाला ते पटायचं नाही. तिला कळलं होतं. कळूनही तिच्या मनात आलं, ओरड. आज ओरडच.

तिने पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि मशीन चालू केलं.

दुमड शेवटापर्यंत घातली. दोरा कापला. दुसरा पडदा घेतला, त्याचीही घातली. मग घड्या घालून दोन्ही पडदे खाटेवर रचले. तोवर राग ओसरला होता. ती उठून आत गेली, तर न्हाणीघराच्या दाराखालून पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं.

तिची हाक ऐकून शेजारच्या काकू धावल्या, दोघींनी दार ढकलून आईला बाहेर काढलं, गाडी काकूंनीच बोलावली. मोठ्या दवाखान्यात आईला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात खाली लोंबत होता. एक तरुण डॉक्टर भराभर विचारत होता.

"कधी झालं हे?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "मशीन चालू होतं. मला ऐकू आलं नाही."

"मग शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? शेवटचं बोलल्या कधी?"

शेवटचं बोलणं भाजीच्या ताटाशी झालं होतं. ते सांगायचं तर काय बोललो हे आलं, का बोललो हे आलं, नंतर आवाज ऐकला होता का हेही आलं. काकू शेजारीच उभ्या होत्या. धाकटी म्हणाली, "सकाळी. चहाच्या वेळी. मग मी मशीनवर बसले."

"नीट आठवा. मधे पाहिलंच नाही? दुपारी?"

"नाही."

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. "मेंदूत गुठळी अडकलीये. ती विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. किती वेळ झाला हे नक्की माहीत नसताना दिलं तर उलट रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही म्हणता तसं असेल, तर ती वेळ गेली."

वेळ गेली नव्हती. आईला पडून जेमतेम तास-दीड तास झाला होता, आणि हे त्या दवाखान्यात फक्त धाकटीला माहीत होतं. तिने तोंड उघडलं. काकूंनी तिचा दंड धरला आणि डॉक्टरला म्हणाल्या, "तिला नका हो इतकं विचारू, आधीच बिचारी हबकलीये." डॉक्टर मान हलवून आत गेला. दार हलत राहिलं, मग थांबलं. पुढे पुष्कळ काळ धाकटीला वाटायचं, की पहिली चूक रागाची होती, तिला निदान राग हे कारण होतं. ही दुसरी मात्र तिने शांतपणे, दोन पायांवर उभी राहून केली होती.

आई वाचली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. थोरला धावत आला, वहिनी आली. थोरला लहानपणी आईच्या आवाजाच्या नकला करायचा. आता तो आईच्या उशाशी बसून "आई, मी आलोय" म्हणायचा आणि आई "ते, ते, ते" करायची. त्याला ते बघवायचं नाही. चार दिवसांनी रजा संपली म्हणून तो गेला आणि जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आहेस म्हणून मला झोप तरी लागेल."

आईला घरी आणलं. मग सुरू झालं ते सगळं, जे गल्लीने पाहिलं आणि ज्याचं कौतुक केलं. धाकटी आईला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावायची. आईचं वजन कमी नव्हतं. धाकटीची कंबर धरली, पण चादर कधी मळकी राहिली नाही. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मुलगी असावी तर अशी. मुलगे काय, पेढ्यापुरते." असं काही कानावर पडलं की धाकटी काम काढून आत जायची. कौतुक तिला चटक्यासारखं लागायचं, आणि चटका बसला असं म्हणायचीही सोय नव्हती.

दवाखान्याने बोलायला शिकवणारी एक बाई पाठवली. तिशीतली, उंच, खांद्याला मोठी पिशवी. काकूंनी तिचं नाव बोलवणारी ठेवलं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आजींचं बोलणं गेलेलं नाही. आत आहे, वाट बुजलीये. पाठ असलेलं आधी बाहेर येतं, मग हळूहळू बाकीचं." तिने आईकडून आकडे म्हणवून घेतले, वार म्हणवून घेतले. आई घामाघूम व्हायची पण सोडायची नाही. मग एके दिवशी बोलवणारीने विचारलं, "आजी कामाला कुठे होत्या?" धाकटीने सांगितलं. बोलवणारीने हाताची मूठ माइकसारखी आईच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाली, "प्रवाशांनी…"

आईने डोळे मिटले. ओठ हलले. "प्रवाशांनी कृपया… लक्ष द्यावे."

स्पष्ट. जुन्या आवाजात. दारात उभ्या असलेल्या काकूंना रडू फुटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "भोंगा चालू झाला!" त्या बोलून गेल्या आणि जीभ चावली. पण आई हसली, अर्ध्या तोंडाने. सगळेच हसले. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आता आई बोलणार.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. आई रोज थोडी पुढे सरकत होती. पाणी. नको. उशी. थोरल्याचा फोन आला की "बाळ". प्रत्येक नवा शब्द आला की बोलवणारी आनंदायची आणि धाकटी दचकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. आई तिच्याकडे बघत असली की तिला वाटायचं, आता म्हणेल. आईने एवढ्या दिवसांत धाकटीसाठी एकही शब्द वापरला नव्हता. हाक नाही, काही नाही.

मग तो शब्द आला. एका सकाळी बोलवणारी चित्रांचे पत्ते दाखवत होती, पेला, खुर्ची, छत्री. आईने पत्ता बाजूला सारला, डावा हात उचलून पुढच्या खोलीकडे केला आणि म्हणाली, "मशीन."

"वा! हे तर आपण शिकवलंच नव्हतं!" बोलवणारी खुश झाली. "काय झालं मशीनला, आजी? आवाज होतो?"

आईने मान हलवली. नाही. "मशीन… बंद."

"बंद करायचं?"

आईने पलंगावर हात आपटला. नाही, नाही. तिची नजर बोलवणारीकडे नव्हतीच, धाकटीकडे होती. "मशीन बंद," ती म्हणाली. खूप वेळ ओठ जुळवत राहिली. "मग… चालू."

धाकटीच्या हातात दुधाचा कप होता. तो तिने खाली ठेवला. न्हाणीघराच्या फरशीवर पडल्यापडल्या आईने ऐकलं होतं. मशीन थांबलं, म्हणजे पोरीला कळलं, आता येईल. आणि मग मशीन पुन्हा सुरू झालं.

"दमल्या आज," बोलवणारी म्हणाली, कारण आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण हे फार चांगलं लक्षण आहे हं. त्या वाक्य जुळवतायत."

दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला फोन केला. आई थकते, रडते, थोडे दिवस राहू दे.

"रडणं असतंच हो यात. आत्ता थांबू नका. हे सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात, नंतर वाट कायमची बुजते."

"मी घेते ना घरी करून. पत्ते ठेवून जा."

थोरल्यालाही तिने तेच सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं कर. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

बोलवणारीच्या येण्याची वेळ झाली की आई डाव्या हाताने केस सारखे करायची आणि दाराकडे बघत बसायची. पहिल्या दिवशी धाकटी म्हणाली, "आज त्या येणार नाहीत." पुढे तेही म्हणेनाशी झाली. पत्ते कपाटावर पडून राहिले. आईने काही दिवस एकटीने प्रयत्न केला. दुपारी आतून आवाज यायचा, सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि गुरुवारशी अडखळून पुन्हा सोमवार. धाकटी स्वयंपाकघरात भांडी घासायची, नळ मोठा सोडून. मग वार थांबले. उशी गेली, पाणी गेलं. शेवटी पुन्हा "ते, ते" उरलं, आणि नंतर तेही क्वचित. धाकटी मशीनवर बसली की आई डोळे मिटून घ्यायची. म्हणून धाकटी आई झोपली असेल तेव्हाच शिवायला लागली. काम कमी झालं, घरात आवाज असा राहिलाच नाही. जिच्या बोलण्याने गल्लीचे कान किटायचे, तिच्या घरावरून जाताना आता माणसं दबकत जायची.

असं वर्ष सरत आलं. एके दिवशी बोलवणारी त्याच गल्लीत दुसऱ्या कोणाकडे आली होती, ती सहज डोकावली. आईने तिला ओळखलं. आईच्या तोंडाजवळ मूठ धरून बोलवणारी म्हणाली, "प्रवाशांनी…" आई तिच्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे वळली.

बाहेर पायरीवर बोलवणारीने विचारलं, "घरी सराव घेत होतात ना?"

"हो."

"कपाटावर पत्ते दिसले. मी लावलेलं रबर तसंच आहे." ती रागावली नाही. पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा करत म्हणाली, "आता फार काही येईल असं वाटत नाही. पण समजतं त्यांना सगळं. अगदी पहिल्यासारखं. तुम्ही तरी बोलत जा त्यांच्याशी."

धाकटी आत आली. ऊन खिडकीतून आईच्या पायांपर्यंत आलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली. समजतं सगळं. म्हणजे वर्षभर आईला समजत होतं, बोलवणारी का येईनाशी झाली, नळ का मोठा सुटतो.

"आई," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं."

आईने मान वळवली.

"तू पडलीस ते ऐकलं. ओरडलीस ते ऐकलं. मला कळलं होतं काहीतरी वेगळं आहे. तरी मी मशीन चालू केलं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, बंद, मग चालू." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. डॉक्टर, चहाची वेळ, इंजेक्शन, बोलवणारीला केलेला फोन, सगळं सांगितलं. "तू बोलशील म्हणून भ्याले मी. माझ्याबद्दल बोलशील म्हणून. तू माझ्या आयुष्याची माती केलीस असं वाटत होतं मला. पण मी जे केलं ते…"

आई तिच्याकडे बघत होती. मग तिचे ओठ हलायला लागले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला. "ते," ती म्हणाली. "ते… ते ते…" हात उचलला, पाडला, पुन्हा उचलला. तिला काहीतरी सांगायचं होतं, फार सांगायचं होतं. एखादी शिवी असेल. माफ केलं असंही असेल. त्या माणसाजवळ खोटं बोलले, माझंही चुकलं, असंही असेल. धाकटी तिच्या तोंडाशी कान नेऊन म्हणत होती, "काय आई? सांग ना, काय?" जगात दुसरं काही तिला इतकं ऐकावंसं वाटलं नव्हतं. तिने धावत जाऊन पत्ते आणले, रबर तोडलं, पलंगावर पसरले. पेला, खुर्ची, छत्री, कुत्रा. त्यात आईला हवा तो पत्ता कुठून असणार? आईने पत्त्यांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि हात गादीवर टाकून दिला.

बऱ्याच वेळाने आईला उठवायची वेळ झाली. धाकटी वाकली. आईने डावा हात तिच्या खांद्याभोवती घातला. उठताना तो घालावाच लागायचा, रोज घालायची. आज तो जास्त घट्ट होता का, हे धाकटीने समजून घ्यायचा प्रयत्न केला. तिला कळलं नाही. पुढे दिवसातून अनेकदा तो हात खांद्यावर यायचा आणि दरवेळी ती तेच शोधायची.

थोरला पुढच्या महिन्यात आला, वहिनीसह. स्वयंपाकघरात चहा घेताना धाकटीने त्यालाही सांगितलं. आईला सांगितलं तसंच, पहिल्यापासून. वहिनी ओट्याशी उभी होती. ऐकता ऐकता तिने गॅस बारीक केला, मग बंद केला.

थोरला म्हणाला, "तू थकलीयस."

"दादा, मी डॉक्टरला वेळ खोटी सांगितली."

"माणूस इतकं करतो ना, मग डोकं असं उलटं चालायला लागतं. आपलंच चुकलं, आपलंच चुकलं. मी वाचलंय कुठेतरी."

"मला कळलं होतं ती पडलीये. मी उठले नाही."

"धाकटे, पुरे!" तो ओरडला. आतून पलंग करकरल्याचा आवाज आला. त्याने आवाज उतरवला. "बरं, असेल. धरून चालू तसंच. मग काय करायचं? मी नेऊ तिला? तिसरा मजला, लिफ्ट नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. का बाई ठेवायची परकी? सांग ना, काय करू मी हे ऐकून?"

त्याने काही करावं म्हणून धाकटीने सांगितलंच नव्हतं.

"आणि हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नकोस," तो कप विसळत म्हणाला. आयुष्यात त्याने कप विसळलेला कोणी पाहिला नव्हता. वहिनीने त्या दिवशी धाकटीला कशालाही हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं आणि एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जाताना थोरला आईच्या पाया पडला, धाकटीला म्हणाला, "काळजी घे." कोणाची ते म्हणाला नाही. त्यानंतर तो फोन जास्त करायचा आणि यायचा कमी. नातेवाइकांत मात्र आधीपेक्षा मोठ्याने सांगायचा, "आमची धाकटी म्हणजे देवमाणूस. मी सख्खा मुलगा असून मला जमलं नसतं."

आई आणखी दोन हिवाळे काढून गेली. छातीत कफ साठला, ताप चढला आणि एका सकाळी धाकटी भरवायला बसली तेव्हा आईने तोंड उघडलं नाही. शेवटचं असं काही ती बोलली नाही. धाकटीने मात्र त्या दोन वर्षांत तिच्याशी रोज बोलून घेतलं होतं. बाजारात काय पाहिलं, कोणाचा पडदा आखूड झाला, सगळं. उत्तराची वाट बघत थोडी थांबायची आणि पुढे बोलायची.

माणसं भेटायला आली. खोली भरली. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सोनं केलंस गं आईचं." धाकटी म्हणाली, "नाही हो काकू. मी तिचं फार वाईट केलंय." काकूंनी तिला जवळ घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "बघा. इतकं करूनही पोरीला वाटतं, कमीच पडले." सगळ्यांनी माना हलवल्या. थोरल्याने खाली बघितलं.

सगळे पांगल्यावर तो एकटाच राहिला. संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता. धाकटी आईच्या गादीची वळकटी करत होती. तो बूट हातात घेऊन दाराशी बसला.

"तू त्या दिवशी जे म्हणालीस ना," तो म्हणाला.

धाकटी थांबली. वळकटी तशीच हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

थोरल्याने एक बूट पायात घातला. नाडी बांधली. सोडली, पुन्हा बांधली. "मला वाटायचं, विचारावं," तो म्हणाला. मग दुसरा बूट घालून उठला. "जाऊ दे. गाडी चुकेल."

ती त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली. रस्त्यात तो घरभाड्याबद्दल बोलला, मुलांच्या परीक्षेबद्दल बोलला. रिक्षा मिळाली. तो बसला, हात हलवला. धाकटीनेही हलवला आणि रिक्षा वळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.